घरपट्टीची जुनी कैफियत



घरपट्टी हा काही वसंत ऋतूत बोलण्याचा विषय नव्हे, असे मला एका स्नेह्यांनी सुचवून पाहिले. मोहोर, कोकिळा, फार तर एखाद्या संतकवीची प्रतिभा, असे काही व्याख्यानमालेला शोभेलसे घ्या, म्हणाले. पण घटकाभराने त्यांनीच खिशातून नगरपालिकेची नोटीस काढली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पुढचा अर्धा तास ती मला वाचून दाखवली. तेव्हा हा विषय मी निवडला नसून नोटिशीने निवडला आहे, असे समजावे.

त्यांची तक्रार थोडक्यात अशी. घर तेच, ओटी तीच, कौलेही वडिलांच्या वेळची. एक वीट वाढवलेली नाही. मग घराचे मूल्य वाढले ते कोणी वाढवले? घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, त्यात राहून मरायचे आहे. तर त्या वाढलेल्या मूल्याचा मला उपयोग काय? पेणेत किंवा रोह्यात कोणत्याही आळीत जा, फेरआकारणीच्या वर्षी हेच शब्द ऐकू येतील. या तक्रारीला दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कुरकुरीचा इतिहास नाही.

घरावर पट्टी बसवणे ही इंग्रजांची कल्पना, असा एक समज आहे. तो खरा नाही. पेशवाईतल्या करांच्या याद्या पाहिल्या म्हणजे त्यांत घरपट्टी आहे. तिचे दुसरे नाव अंबरसारी. तिच्या मागेपुढे म्हैसपट्टी, विहीरहुंडा, बाजारबैठक, लग्नटका, विधवेच्या पाटावरचे पाटदाम, आणि दुकानदार व कारागीर यांच्याकडून घ्यायचा मोहतर्फा अशी भली मोठी वरात आहे. घरपट्टीतून ब्राह्मण आणि गावकामगार यांना सूट असे. म्हणजे कुंभाराने द्यायची आणि कुलकर्ण्याने मोजायची. ज्यांना आजची घरपट्टी अन्यायाची वाटते आणि ज्यांना पेशवाईत सारे आलबेल होते असे वाटते, ती मंडळी पुष्कळदा एकच असतात, म्हणून हे सांगितले.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेण ज्याच्या पोटात होते तो सांकशी तालुका कंपनीकडे आला. अलिबागेस आंग्र्यांचे राज्य आणखी बावीस वर्षे, १८४० पर्यंत, टिकले. पण घरपट्टीच्या बाबतीत कंपनी सरकारचे हात त्यापूर्वीच एकदा चांगले पोळले होते, आणि तेही काशीस. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

१८१० साली कंपनीने काशीत घरांवर कर बसवला. राहत्या घराच्या वार्षिक भाड्यावर शेकडा ५ आणि दुकानावर शेकडा १०, असा तो दर. वर्षअखेरीस शहर बंद पडले. लोहारांनी भाता थांबवला, नावाड्यांनी नावा बांधून ठेवल्या, आणि हजारो माणसे घरे सोडून उघड्या मैदानात जाऊन बसली. दंगा नाही, लूट नाही. नुसते बसून राहिले. त्यांच्या अर्जातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की, राजाचा हक्क जमिनीच्या उत्पन्नावर. वाडवडिलांकडून किंवा खरेदीने आलेल्या राहत्या घरावर पूर्वीच्या बादशहांनीही तो सांगितला नव्हता. शेत पिकते, घर पिकत नाही. महिनाभराहून अधिक काळ ही ओढाताण चालली, आणि शेवटी कंपनीला तो कायदा मागे घ्यावा लागला. कागदपत्रांतून ही सारी हकीकत धरमपाल यांनी १९७१ साली ग्रंथरूपाने उजेडात आणली, तेव्हा कुठे ती आपल्यासारख्यांना कळली. घर पिकत नाही, हे काशीकरांचे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता आपल्या कुलाबा जिल्ह्याकडे वळू. (१ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला, पण जुन्या कागदांच्या संगतीत बसलेल्याच्या तोंडून कुलाबाच निघते.) १८४४ साली एकोणिसावा कायदा झाला. त्याने मुंबई इलाख्यातील शहरजकात, मोहतर्फा, बलुत्यावरचे कर आणि धंद्यांवरच्या साऱ्या पट्ट्या एका फटक्यात रद्द केल्या. केवढे औदार्य! पण ही भरपाई झाली कुठून? मिठातून. मिठावरचा कर मणामागे ८ आणे होता तो १ रुपया झाला. सुरतेस लोक रस्त्यावर आले, तेव्हा तो १२ आण्यांवर उतरला. पेणेच्या श्रोत्यांना यातले मर्म निराळे सांगायला नको, कारण खाडीकाठची मिठागरे त्यांच्या दाराशी आहेत. सोनार-तांबटाच्या दुकानावरचा बोजा निघाला आणि मीठभाकर खाणाऱ्या आगऱ्याच्या ताटात पडला. एक कर गेला म्हणजे तो नाहीसा झाला असे नसते, तो दुसऱ्याच्या घरी पाहुणा गेलेला असतो.

पुढे घरपट्टी परत आली ती दुसऱ्या वेषात. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने असे ठरवले की, गावच्या रहिवाशांनी अर्ज केला तर त्यांच्या गावाला नगरपालिका द्यावी, आणि गावच्या सुधारणेसाठी लागणारा पैसा तिने गावातूनच उभा करावा. शेजारच्या पनवेलीने ही संधी १८५२ सालीच घेतली. पेणेस आणि रोहे-अष्टमीस नगरपालिका आल्या त्या १८६० नंतरच्या दशकात. अष्टमी नदीपलीकडे, रोहे अलीकडे, आणि दोहोंना बांधणारी कुंडलिका. नगरपालिकेने दोन्ही काठांना एका वहीत घेतले, हेही तिचे एक कामच म्हणायचे.

या नव्या घरपट्टीत आणि जुनीत एक मूलभूत फरक होता. अंबरसारीचा पैसा पुण्यास जाई. नगरपालिकेचा पैसा, निदान कागदोपत्री, गावच्या दिव्यात, गटारात आणि तळ्यात परत यायचा होता. तरीही आपल्या गावांनी घरपट्टीपेक्षा जकात पसंत केली. कारण उघड आहे. जकात नाक्यावर गाडीवान भरतो आणि ती तांदळाच्या भावात विरघळून जाते, घरपट्टीचा शिपाई मात्र उंबऱ्यापर्यंत येतो. अंतोऱ्याच्या बंदरात उतरणाऱ्या मालावर ज्याचे पोट, त्याला जकात बोचली असेल. पण मालावर कर देताना घर मोजले जात नाही, हे सुख मोठे होते.

मोठ्या शहरात मात्र मोजणी चुकली नाही. मुंबईस आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली म्युनिसिपल कमिशनर झाले. बाजार बांधले, गटारे काढली, रस्ते रुंद केले, आणि पैसा पाण्यासारखा ओतला. करांची बिले वाढली तसे घरमालक खवळले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासारखी मंडळी पुढे झाली, सभा भरल्या, हिशेब मागितले गेले. तरुण फिरोजशहा मेहता त्या वेळी गर्दीच्या उलट बाजूस उभे राहिले. क्रॉफर्डवर राग काढून उपयोग नाही, दोष घडणीत आहे, लोकांचे निवडलेले प्रतिनिधी हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. १८७२ चा कायदा झाला, त्यात ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. आपण मताधिकार म्हटला की मोठमोठ्या तत्त्वांची नावे घेतो. पण मुंबईच्या नागरिकाच्या हाती पहिले मत पडले ते घरपट्टीच्या बिलावरच्या भांडणातून, हे विसरून चालणार नाही. रिपनसाहेबांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव त्यानंतर दहा वर्षांनी, १८८२ च्या मे महिन्यात आला, आणि १८८४ च्या कायद्याने ते वारे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले.

मग मत मिळूनही माझे स्नेही नोटीस घेऊन का फिरतात? इथे खरी मेख आहे. घरपट्टी दोन गोष्टींनी वाढते: दर वाढला म्हणजे, आणि मूल्य वाढले म्हणजे. दर नगरसेवक ठरवतात, सभेत ठरवतात, आणि निवडणूक जवळ आली की ठरवत नाहीत. मूल्य ठरवतो अधिकारी. १९०१ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्यापासून १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्यापर्यंत या मूल्याचा पाया एकच राहिला: हे घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे काय येईल? त्यातून दुरुस्तीखातर शेकडा १० वजा करायचे, उरले ते करपात्र मूल्य. समजा महिना ५०० रुपये भाडे कल्पिले, तर वर्षाचे ६,०००, वजा ६००, राहिले ५,४००. दर शेकडा २० धरला तर पट्टी १,०८० रुपये. भाडे ८०० कल्पिले तर दराला हातही न लावता तीच पट्टी १,७२८ होते. सभेत ठराव नाही, चर्चा नाही, आणि तरी बिल वाढलेले. ज्या घराला कधी भाडेकरू लागला नाही, त्या घरात सरकार एक काल्पनिक भाडेकरू आणून बसवते आणि त्याचे भाडे मालकाच्या नावे मांडते. काशीकर म्हणत होते घर पिकत नाही. कायदा म्हणतो, पिकत नसेल, पण पिकले असते.

हा काल्पनिक भाडेकरू देतो किती, यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरले होते. १९७९ साली देवान दौलतराय कपूर यांच्या दिल्लीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जिथे भाडे कायद्याने बांधलेले आहे तिथे करासाठीही त्याहून अधिक भाडे कल्पिता येत नाही. मालक स्वतः राहत असला तरीही. जुन्या घराला दिलासा मिळाला. पण त्याच आळीत शेजारी नवी इमारत उठली की तिच्या एका खोलीची पट्टी जुन्या वाड्याच्या पट्टीला मागे टाकू लागली. नव्याने घर घेतलेला नोकरदार म्हणतो मला लुटले. वाड्याचा मालक म्हणतो माझे वाढवले. दोघेही एकाच खिडकीपाशी रांगेत उभे.

त्यात १९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली. ज्या नाक्यावर गाव दीडशे वर्षे विसंबून होते ते बंद झाले. बदल्यात सरकारी अनुदान आले, पण गावाच्या स्वतःच्या हातात राहिलेले मोठे उत्पन्न एकच, घरपट्टी. १८४४ साली कर घराकडून मिठाकडे गेला, १९९९ साली नाक्यावरून पुन्हा घराकडे आला. याच काळात पेण-रोहे मुंबईच्या जवळ सरकत होते. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. ती १९९८ साली पुरी झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. जमिनीचे भाव चढले ते घरमालकाच्या कर्तृत्वाने नव्हे, हे माझे स्नेही बरोबर सांगतात. पण तो चढ लाभ म्हणून मुलाच्या पदरात पडेल, हे ते सांगत नाहीत. मुंबई महापालिकेने २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्य धरले, म्हणजे रेडी रेकनरचा तक्ता थेट घरात आला. त्यातले काही नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केले. त्याच वर्षी मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ झाला. पेणेचा माणूस विचारतो, माझी दोन खणांची खोली त्याहून मोठी आहे काय? या प्रश्नाचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

रोह्याशी ज्यांच्या घराण्याचे नाते, ते चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली करचौकशी आयोग नेमला गेला. जॉन मथाई त्याचे अध्यक्ष. जमीन आणि इमारतींवरचे कर हे स्थानिक संस्थांचेच राखून ठेवावेत, असा त्याचा रोख होता. रोहेकरांनी हे अभिमानाने सांगावे किंवा सांगू नये, ज्याचे त्याने ठरवावे.

आता कायद्यातली जी गोष्ट नोटिशीच्या पाठीवर बारीक अक्षरांत असते आणि म्हणून कोणी वाचत नाही, तिच्याकडे येतो. आकारणी यादी दर चार वर्षांनी नव्याने होते. ती तयार झाली की जाहीर नोटीस निघते, आणि यादी कोणाही मालकाला पाहता येते. नुसती आपली ओळ नव्हे, शेजाऱ्याचीही. ज्याचे मूल्य वाढले त्याला वेगळी नोटीस द्यावी लागते. हरकतीला निदान ३० दिवस असतात. नगररचना विभागाचा मूल्यनिर्धारण अधिकारी हरकत ऐकतो, आणि त्याच्यावर अपील आहे. माझ्या स्नेह्यांच्या नोटिशीवरची तारीख मी पाहिली. एकोणतीस दिवस झाले होते. अर्धा तास मला वाचून दाखवण्याऐवजी तो अर्धा तास त्यांनी अर्ज लिहिण्यात घालवला असता, तर हे व्याख्यान वाचले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे यादी पाहायला गेलो. त्यांच्या घराचे मोजमाप बरोबर होते. चूक निराळीच होती. पुढच्या पडवीची नोंद ‘बिगरनिवासी’ अशी होती. पेणेत गणपतीचे कारखाने किती घरांच्या ओट्यांवर आणि पडव्यांत चालतात ते तुम्ही जाणता. काहींत वर्षभर, काहींत आषाढापासून. त्यांनी ती पडवी एका कारागिराला पावसाळ्याचे तीन महिने मूर्ती वाळवायला वापरू दिली होती, भाड्यावाचून. मोजणीदार नेमका श्रावणात आला असावा. पौषात आला असता तर त्याला तिथे एक झोपाळा आणि त्यावर पेंगणारे माझे स्नेही दिसले असते. हरकतीच्या अर्जात आम्ही तेवढेच लिहिले, आणि पोच घेऊन घरी आलो.