भरून येण्याचे शास्त्र

आटपाडीच्या वाचकाला या पुस्तकातून जैवपदार्थांची, म्हणजे शरीरात किंवा जखमेवर वापरायच्या पदार्थांची, ओळख करून द्यायची तर फार लांब जायला नको. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सोने-चांदी गाळून शुद्ध करणे हा त्यांचा हातखंडा. इकडे माणदेशाच्या माळावर मेंढरे राहिली. सोने आणि मेंढी, दोन्हींचा जखमेशी जुना संबंध आहे. या विषयाचा निम्मा इतिहास त्यांच्याच आधाराने सांगता येतो.

लेकराचे कान सोनार सोन्याच्या तारेने टोचतो. सोने गंजत नाही, अंगात विरघळत नाही, त्यामुळे शरीर सहसा त्याच्या वाटेला जात नाही. तारेभोवती कातडी धरते आणि भोक टिकते. हलक्या धातूच्या बाळीतले निकेल झिरपले, की मात्र एखाद्याचा कान लाल होतो, खाजतो, चिघळतो. मेंढीच्या आतड्यापासून शस्त्रक्रियेतल्या टाक्यांचा दोरा करतात. त्याचे वागणे तिसरेच. शरीरातली विकरे आणि भक्षक पेशी तो हळूहळू पचवून टाकतात, म्हणून आतले टाके काढावे लागत नाहीत. एका पदार्थाकडे शरीर दुर्लक्ष करते, दुसऱ्यावर चिडते, तिसऱ्याला संपवते. तिन्ही वेळा निवाडा करते ती प्रतिकारयंत्रणाच.

विसाव्या शतकातल्या वैद्यकाने बहुतांशी सोन्याची वाट धरली. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे दाह न करता तसेच राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले होते. शरीराला पत्ता लागू न देणारा पदार्थ शोधायचा, हे त्या काळाचे ध्येय, आणि मोतीबिंदूच्या असंख्य रुग्णांना त्यातून दृष्टी मिळाली. पण हरवलेले मांस, हाड किंवा कातडी पुन्हा उगवून आणायची असेल, तर दुर्लक्ष पुरेसे नाही. तिथे शरीराला कामाला लावावे लागते.

ते काम करणाऱ्या पेशींची ओळख जुनी आहे. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला दिसला. भक्षक पेशींच्या या शोधासाठी त्यांना १९०८चे नोबेल विभागून मिळाले. या पेशी केवळ घाण उपसत नाहीत, हे पुढे कळत गेले. जखमेच्या सुरुवातीला त्या दाह वाढवतात, जंतू मारतात. नंतर त्यांतल्याच अनेक पालटतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना, नव्या ऊतींना बोलावणारे संदेश सोडू लागतात. हा पालट वेळेवर झाला तर जखम भरते. रखडला तर ती रेंगाळते, किंवा बाहेरच्या वस्तूभोवती जाड तंतुमय पापुद्रा धरतो.

हा पालट पदार्थाच्या घडणीतून घडवून आणणे, हा या पुस्तकाचा विषय. सिएटलमधल्या बडी रॅटनर यांच्या गटाने एकसारख्या छिद्रांचे पदार्थ तयार केले, तेव्हा तीस ते चाळीस मायक्रॉनच्या छिद्रांभोवती रक्तवाहिन्या जास्त आणि पापुद्रा कमी दिसला. पदार्थ तोच, फरक पडला छिद्राच्या मापाने. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जेनिफर एलिसेफ यांच्या गटाने उंदरांच्या जखमी स्नायूंत प्राण्यांच्या ऊतींपासून केलेला आधार भरला. स्नायू नीट भरून येण्यासाठी प्रतिकारयंत्रणेतल्याच विशिष्ट मदतनीस टी-पेशी लागतात, हे त्यातून दिसले. भक्षक पेशी एकट्या नाहीत, त्यांना दिशा देणारेही आहेत.

आपल्याकडेही हे काम परके नाही, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी चालते. बाळंतपणानंतर एरवी टाकून दिले जाणारे गर्भावरण तिथे स्वच्छ करून, सुकवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते आणि भाजलेल्या जखमांवर पांघरता येते. तो पातळ, जवळपास पारदर्शक पडदा ओल टिकवतो, वेदना कमी करतो, दाहही आटोक्यात ठेवतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमातल्या प्रथिनावर काम करून हाडातली पोकळी भरणाऱ्या सच्छिद्र आधारांपर्यंत मजल मारली. कोशातले रेशीम असे थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचते.

वाचकांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून क्रमानेच वाचावे असा आग्रह नाही. रसायनशास्त्र जड वाटत असेल, तर तुम्ही आधी जखम भरण्याचे प्रकरण वाचा. पहिल्या काही तासांत कोण येते, तिसऱ्या दिवशी कोण, हा क्रम डोक्यात बसला की पुढचे सोपे जाईल. प्रत्येक पदार्थापाशी थांबून स्वतःला तीन प्रश्न विचारा: याला पहिल्यांदा कोणती पेशी भेटते, ती काय समजते, आणि हा पदार्थ किती दिवस टिकतो? भक्षक पेशींचे दाहक आणि दुरुस्तीचे असे दोन सरळ गट पाडलेले दिसतील. ती शिकण्याची सोय समजा. प्रत्यक्षात मधल्या छटा पुष्कळ असतात. उंदरात साधलेले माणसात साधेलच, असेही धरून चालू नका.

आणि एक प्रश्न सोबत ठेवा. मधुमेही माणसाच्या पायाची जखम महिनोन्महिने का भरत नाही? साखर वाढलेल्या शरीरात भक्षक पेशी दाहाच्या अवस्थेतच अडकून राहतात, हे त्याचे एक मोठे कारण. त्यांना तिथून पुढे नेणारा, खिशाला परवडणारा आणि तालुक्याच्या दवाखान्यात सहज वापरता येणारा पदार्थ अजून हवाच आहे. तो शोधायला प्रयोगशाळा लागेल, पण प्रश्न नीट समजून घेण्याची सुरुवात आटपाडीत बसूनही करता येते.