पपईचं बी थंडीत का उगवत नाही? सोपे उपाय आणि मोबाईलचा वापर

जळगाव-धुळ्यात बरेच जण पपई फेब्रुवारी-मार्चमध्ये लावतात. रोप तयार व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे बी पेरायचं डिसेंबर-जानेवारीत, आणि नेमकी तेव्हाच खानदेशात कडाक्याची थंडी! धुळ्यात तर पारा १० अंशांच्याही खाली जातो. 'रेड लेडी ७८६' सारखं महागडं तैवानी बी उगवलं नाही, की आपण दोष बियाण्याला देतो. मी म्हणतो, आधी तापमान बघा.

बी अडतं कशामुळे?

पपई उष्ण प्रदेशातलं झाड. २५ ते ३० अंश मिळाले तर बी २-३ आठवड्यांत उगवतं. थंडीत महिनाही जातो आणि तोवर ओल्या मातीत बी कुजू शकतं. दुसरं कारण म्हणजे ताज्या बियांवरचं बुळबुळीत आवरण. त्यात उगवण रोखणारे घटक असतात. पाकिटातलं बी स्वच्छ केलेलं असतं, त्याला ही अडचण नाही.

काय करायचं?

१. फळातून काढलेलं बी वाळूत चोळून धुवा. तरंगणारं पोचट बी फेका, बाकीचं सावलीत सुकवा.

२. १ लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम जिब्रेलिक ॲसिड, म्हणजेच १०० पीपीएम. ही पावडर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. बी रात्रभर भिजवा. बियाला औषध लावलेलं असेल तर आधी पाकिटावरची सूचना वाचा.

३. कोकोपीट आणि गांडूळखत भरून बी साधारण १ सेंटिमीटर खोल टाका.

४. ट्रेवर प्लास्टिक झाका, ऊब टिकते. कोंब दिसले की लगेच काढा.

५. पाणी सकाळी आणि बेताचं द्या. जास्त झालं तर रोपाची मान कुजून ते कोलमडतं.

६. बारीक जाळी लावा. रिंगस्पॉट व्हायरस मावा किडीमुळे पसरतो.

मोबाईल कुठे कामाला येतो?

हवामान ॲपमध्ये दुपारचं नाही, रात्रीचं किमान तापमान बघा. ॲप बाहेरच्या हवेचं तापमान सांगतं. ट्रेमधलं कळायला साधा थर्मामीटर लागेल. पेरणीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका आणि रोज एक फोटो काढा. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये ७० रोपं आली, तर उगवण ७१ टक्के. मी सुचवेन की एक ट्रे भिजवलेल्या बियांचा आणि एक न भिजवलेल्यांचा ठेवा. फरक आपोआप कळेल.

रेड लेडीच्या फळातलं बी चालेल का?

उगवेल, पण ती हायब्रीड जात आहे. पुढच्या पिढीत तशीच फळं येतील याची खात्री नाही. परसातल्या एखाद्या झाडासाठी ठीक, पण शेतासाठी नवीन पाकीटच घ्या.