चंद्रावरचा अंगरखा

नील आर्मस्ट्राँगचे नाव आपल्या सर्वांना पाठ आहे. पण २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना त्याच्या अंगात जो पोशाख होता, तो बायकांच्या अंतर्वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने शिवला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ‘प्लेटेक्स’ हे तिचे बाजारातले नाव. १९६५ साली नासाने तीन कंपन्यांचे पोशाख तपासले. त्यात डोव्हर गावच्या या इंटरनॅशनल लेटेक्सने विमानक्षेत्रातल्या बड्या कंपन्यांना मागे टाकले.

खरी अडचण हालचालीची. हवा भरली की पोशाख फुग्यासारखा ताठ होतो. मार्च १९६५ मध्ये रशियाचा अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडला, तेव्हा त्याचा पोशाख इतका फुगला, की आतला दाब कमी केल्यावरच बिचाऱ्याला परत शिरता आले. लेटेक्सवाल्यांनी कोपर-गुडघ्यांना रबराचे घडीदार सांधे दिले. आपल्या रेल्वेवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर दोन डब्यांमधल्या वेस्टिब्यूलच्या भात्यासारखे! एक बाजू दबली की दुसरी उलगडते, आतली जागा तेवढीच राहते. आतला दाबही बेताचाच, चौरस इंचाला ३.७ पौंड. आपल्या ब्रेक पाइपात ५ किलो असतो, तर हा जेमतेम पाव किलो. पण आत शुद्ध ऑक्सिजन असल्याने श्वासाला तेवढा पुरतो.

उष्णतेचा प्रश्न उलटाच निघाला. बाहेरच्या उन्हासाठी चकचकीत पातळ पडद्यांचे थर होते, पण माणसाच्या स्वतःच्या अंगची उष्णता जाणार कुठे? जून १९६६ मध्ये जेमिनी यानाबाहेर काम करताना युजीन सर्ननच्या शिरस्त्राणाची काच वाफेने धुरकटली आणि काम अर्धवट सोडावे लागले. हवेने अंग गार होईना. म्हणून अपोलोच्या वेळी अंगालगतच्या बनियनमध्ये बारीक नळ्या गुंफून पाणी फिरवले. ते गार करायला पाठीवरच्या संचात दुसरे पाणी निर्वातात बर्फ होऊन थेट वाफ होत असे. मला हा भाग सर्वांत आवडतो. यंत्र थोडके, काम चोख!

जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत तिघांचा जीव गेला. त्यानंतर बाहेरचे कापडही बदलले. टेफ्लॉन चढवलेल्या काचतंतूंचे, न जळणारे घेतले.

आणि हे सारे शिवले कोणी? शिलाई मशीनवरच्या बायकांनी. एकवीस थर, अर्ध्या सुताचीही चूक चालत नसे. एखादी टाचणी आत राहिली तर जीवाशी गाठ, म्हणून पोशाखाचे एक्स-रे काढत. नकाशे काढणाऱ्या इंजिनिअरांपेक्षा या बायकांच्या बोटांवर अंतराळवीरांचा जीव जास्त अवलंबून होता, असे मी तरी मानतो.

डिसेंबर १९७२ मध्ये सर्नन आणि श्मिट तीन दिवसांत मिळून सुमारे २२ तास चंद्रावर फिरले. धारदार धुळीने हातमोजे झिजले, सांध्यांच्या कड्या आवळल्या. शिवण मात्र उसवली नाही.