विद्यापीठनिवड (अमेरिकेतील पदवी शिक्षण)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये पदवी शिक्षणासाठी एकाहून अधिक विद्यापीठांत प्रवेश मंजूर झालेला विद्यार्थी त्यांपैकी एकाची निश्चिती करतो, त्या प्रक्रियेस विद्यापीठनिवड असे म्हणता येते. तेथे प्रवेशासाठी देशव्यापी गुणवत्ता यादी किंवा केंद्रीय जागावाटप नाही. प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे निर्णय घेत असल्याने एकाच विद्यार्थ्याला हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड किंवा एमआयटी यांसारख्या अनेक नामांकित संस्थांकडून होकार येऊ शकतो. मार्चअखेरपर्यंत निवडीचा अधिकार विद्यापीठांकडे असतो. एप्रिल महिन्यात तो विद्यार्थ्याकडे येतो. निश्चिती कळविण्याची रूढ अंतिम तारीख १ मे ही आहे.

अर्जाचे प्रकार

विद्यार्थ्याला पुढे प्रत्यक्ष निवड करता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी अर्जाच्या प्रकारावर ठरते. १९७५ मध्ये काही खाजगी महाविद्यालयांनी ‘कॉमन ॲप्लिकेशन’ हा सामाईक अर्ज सुरू केला. आज एक हजाराहून अधिक संस्था तो स्वीकारतात. त्यामुळे एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज करणे सुलभ झाले आहे. अर्जांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

अर्ली डिसिजन : हा बंधनकारक अर्ज होय. विद्यार्थी तो एकाच संस्थेकडे, सामान्यतः नोव्हेंबरच्या प्रारंभी करतो आणि प्रवेश मिळाल्यास इतर अर्ज मागे घेण्याचे मान्य करतो. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ व पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत ही पद्धत आहे. देऊ केलेले आर्थिक साहाय्य अपुरे असल्यास या बंधनातून सुटका मिळू शकते. मात्र इतर विद्यापीठांचे साहाय्य पाहून तुलना करण्याची संधी राहत नाही.

अर्ली ॲक्शन : यात निकाल लवकर, बहुधा डिसेंबरमध्ये, कळतो, पण प्रवेश घेण्याचे बंधन नसते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथील या पद्धतीत इतर खाजगी विद्यापीठांकडे लवकरचा अर्ज करण्यास सामान्यतः मनाई असते. एमआयटीची पद्धत अशी प्रतिबंधक नाही.

नियमित अर्ज : जानेवारीच्या सुमारास अर्ज केला जातो व मार्चअखेरपर्यंत निकाल लागतो.

लवकरच्या अर्जांमुळे सुस्थितीतील कुटुंबांना अधिक लाभ होतो, अशी टीका दीर्घकाळ होत आली आहे. या कारणाने हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ मध्ये ही पद्धत बंद करण्याचे जाहीर केले होते. २०११ मध्ये दोघांनीही ती पुन्हा सुरू केली.

१ मेची मुदत

प्रवेश निश्चित करताना विद्यार्थी अनामत रक्कम भरतो. ती बहुधा परत मिळत नाही. दोन ठिकाणी अनामत भरून निर्णय लांबणीवर टाकणे अनुचित मानले जाते आणि ते उघड झाल्यास प्रवेश रद्द होण्याचा संभव असतो. प्रतीक्षायादीवरील विद्यार्थ्याला मात्र एका ठिकाणी जागा निश्चित करून दुसरीकडे प्रतीक्षायादीवर राहता येते. तेथे जागा मिळाली आणि त्याने ती स्वीकारली, तर आधीची अनामत बुडते.

प्रवेश सल्लागारांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेनुसार दुसरीकडे प्रवेश निश्चित केलेल्या विद्यार्थ्याला १ मेनंतर आपल्याकडे ओढण्यास संस्थांना मनाई होती. अशा नियमांमुळे स्पर्धेला बाधा येते, असा आक्षेप अमेरिकेच्या न्याय विभागाने घेतल्यावर २०१९ मध्ये संघटनेने ते वगळले. त्यामुळे १ मे ही तारीख रूढ राहिली असली, तरी तिच्यानंतरही एखादे विद्यापीठ अधिक साहाय्य देऊ करू शकते.

खर्च व आर्थिक साहाय्य

नामांकित खाजगी विद्यापीठांचे जाहीर शुल्क आणि कुटुंबाला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत मोठी तफावत असते. साहाय्यपत्रात अनुदान, परिसरातील अर्धवेळ कामाचे वेतन आणि कर्ज हे तीन घटक एकत्र दाखविलेले असू शकतात. त्यांपैकी केवळ अनुदानामुळेच खर्च खऱ्या अर्थाने कमी होतो. उदाहरणार्थ, एका विद्यापीठाचा वार्षिक खर्च ९०,००० डॉलर असून त्याने ७०,००० डॉलर अनुदान दिले, तर कुटुंबावर २०,००० डॉलरांचा भार पडतो. दुसऱ्या विद्यापीठाचा खर्च ४५,००० डॉलर असून त्याने २५,००० डॉलर साहाय्य देऊ केले, परंतु त्यांतील १५,००० डॉलर कर्ज असेल, तर प्रत्यक्ष भार ३५,००० डॉलरांचा होतो. वरवर स्वस्त दिसणारे विद्यापीठ अशा प्रकारे महाग ठरू शकते. प्रिन्स्टनने २००१ मध्ये साहाय्यातील कर्जाचा भाग काढून त्याऐवजी अनुदान देण्यास प्रारंभ केला. पुढे इतर काही संपन्न विद्यापीठांनीही हा मार्ग अनुसरला.

नामांकित विद्यापीठांनी साहाय्याच्या बाबतीत परस्परांशी स्पर्धा करावी काय, हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. १९५० च्या दशकापासून आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठे, एमआयटी व इतर काही संस्था एकत्र बसून, एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना सर्वत्र साधारण सारखेच साहाय्य मिळेल असे ठरवीत. विद्यार्थ्याने पैशाचा विचार न करता विद्यापीठ निवडावे आणि निधी गरजूंसाठीच वापरला जावा, असे या पद्धतीचे समर्थन केले जाई. न्याय विभागाने १९९१ मध्ये स्पर्धाविषयक कायद्याखाली दावा दाखल केला. आयव्ही लीगने तडजोड स्वीकारली, तर एमआयटीने खटला लढविला व तो १९९३ मध्ये तडजोडीने मिटला. १९९४ च्या कायद्याने या क्षेत्रातील सहकार्याला दिलेली मर्यादित सूट ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपुष्टात आली. आज विद्यार्थी एका विद्यापीठाचे साहाय्यपत्र दुसऱ्यापुढे ठेवून फेरविचाराची विनंती करू शकतो.

अभ्यासक्रमाची रचना

सारख्याच प्रतिष्ठेच्या विद्यापीठांतील शिक्षण सारखे असतेच असे नाही. कोलंबियामध्ये सर्व विद्यार्थ्यांसाठी असलेल्या समान गाभा अभ्यासक्रमाची परंपरा १९१९ पासून चालत आली आहे. याउलट ब्राऊनने १९६९ मध्ये मुक्त अभ्यासक्रम स्वीकारला. तेथे मुख्य विषयाच्या अटींव्यतिरिक्त बहुतेक विषय विद्यार्थी स्वतः ठरवितो. एमआयटीत मुख्य विषय प्रथम वर्षाच्या अखेरीस निवडला जातो, तर कॉर्नेल व पेन्सिल्व्हेनिया येथे विद्यार्थ्याला अर्ज करतानाच विद्यापीठांतर्गत विशिष्ट महाविद्यालय निवडावे लागते. एप्रिलमध्ये अनेक विद्यापीठे प्रवेश मंजूर झालेल्यांना परिसरभेटीसाठी निमंत्रित करतात. येलचे ‘बुलडॉग डेज’ हा अशा उपक्रमांपैकी एक आहे.

क्रमवारीचा प्रभाव

‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या नियतकालिकाने १९८३ मध्ये विद्यापीठांची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. ती महाविद्यालय-प्रमुखांच्या मतांवर आधारलेली होती; कालांतराने तीत संख्यात्मक निकषांची भर पडली. ओरेगन राज्यातील रीड कॉलेज १९९५ पासून या क्रमवारीसाठी माहिती देत नाही. २०२२ मध्ये कोलंबियातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच विद्यापीठाने पुरविलेल्या आकडेवारीतील विसंगती दाखवून दिल्या. त्याच वर्षीच्या क्रमवारीत कोलंबिया दुसऱ्या स्थानावरून अठराव्या स्थानी गेले. वर्षभरात अध्यापनाचा दर्जा इतका बदलणे संभवत नसल्याने, क्रमांकातील फरक आणि शिक्षणातील फरक या भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेमुळे ठळक झाले.

निवडीच्या परिणामांविषयी संशोधन

स्टेसी डेल व ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा शोधनिबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे अर्ज व प्रवेश यांचे चित्र सारखे होते, अशा विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. अधिक निवडक महाविद्यालयात गेलेल्यांचे पुढील उत्पन्न इतरांपेक्षा सरासरीने लक्षणीयरीत्या अधिक नव्हते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतून आलेल्यांना मात्र लाभ झाल्याचे आढळले. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रिडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासात आयव्ही लीगसह बारा खाजगी विद्यापीठांची तुलना नामांकित सार्वजनिक विद्यापीठांशी करण्यात आली. सरासरी उत्पन्नात फारसा फरक आढळला नाही. परंतु उत्पन्नाच्या सर्वोच्च एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. दोन्ही अभ्यास सरासरीविषयी असल्याने विशिष्ट विद्यार्थ्याने काय करावे, याचे थेट उत्तर त्यांतून मिळत नाही.

भारतीय विद्यार्थ्यांची स्थिती

भारतीय नागरिकांना अमेरिकेच्या संघराज्य शासनाचे विद्यार्थी-साहाय्य सामान्यतः मिळत नाही. त्यांना विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीवर अवलंबून राहावे लागते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ व ॲमहर्स्ट या संस्था परदेशी अर्जदारांचाही प्रवेश ठरविताना कुटुंबाची आर्थिक स्थिती विचारात घेत नाहीत. बहुतेक इतर संस्था ती विचारात घेतात. प्रवेश निश्चित केल्यावर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. त्यानंतर विद्यापीठाकडून ‘आय-२०’ हे प्रमाणपत्र मिळते व त्याच्या आधारे ‘एफ-१’ विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करता येतो. खर्च डॉलरमध्ये असल्याने चार वर्षांत रुपयाचे मूल्य घसरल्यास कुटुंबावरील भार वाढतो.

महाराष्ट्रासह भारतातील विद्यार्थ्यांपुढे वेळापत्रकाचीही अडचण असते. बारावीचे निकाल बहुधा १ मेनंतर लागतात. एमएचटी-सीईटी व जेईई ॲडव्हान्स्ड यांचे निकाल आणि आयआयटीचे जागावाटप त्याहून उशिरा, सामान्यतः जूनमध्ये किंवा त्यानंतर होते. परिणामी मायदेशातील कोणता पर्याय उपलब्ध होईल हे समजण्यापूर्वीच अमेरिकेतील विद्यापीठाला होकार देऊन अनामत भरावी लागते. हा प्रवेशही बारावी समाधानकारकरीत्या उत्तीर्ण होण्याच्या अटीवर असतो.