निमआरामाची किंमत

एसटीने मराठी माणसाला दिलेल्या शब्दांत 'निमआराम' हा सगळ्यात प्रामाणिक असावा. पूर्ण आराम देतो असा दावा त्यात नाही, आणि साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे कशाचे, याचं उत्तरही त्यातच आहे. जुन्या लाल डब्यात एका बाजूला तिघांचं आणि दुसऱ्या बाजूला दोघांचं बाकडं असायचं. निमआराम गाडीत दोन्हीकडे दोन-दोन आसनं आणि थोडी मागे रेलणारी पाठ आली. 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून लोकांनी तिला 'एशियाड' म्हटलं, तरी निमआराम हा शब्द टिकून राहिला. विमान कंपन्या हीच वस्तू 'प्रीमियम इकॉनॉमी' या भारदस्त नावाने विकतात. जालन्यातल्या ज्या घरातलं कुणी अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात आहे, तिथे आई-वडिलांचं तिकीट काढताना हा प्रश्न हमखास येतो: इकॉनॉमीच्या दीडपट, कधी दुप्पट पैसे मोजून हा मधला वर्ग घ्यावा का? जालना हे व्यापाऱ्यांचं गाव. कापूस, बियाणं आणि लोखंड यांच्या हिशोबावर मोठं झालेलं. 'जालना सोने का पालना' म्हणणाऱ्या गावाला पैसे खर्च करण्याचं वावडं नाही, पण दिलेल्या पैशाचा माल किती हे विचारल्याशिवाय पैसे देण्याची सवयही नाही. त्या सवयीने या प्रश्नाकडे पाहायचं तर आधी त्याचा इतिहास काढावा लागतो. तो विमानापेक्षा बराच जुना आहे, आणि त्यातून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते: मधल्या वर्गाचा भाव त्यात काय मिळतं यापेक्षा खालच्या वर्गात किती हाल ठेवलेत यावर ठरतो.

जालन्याला रेल्वे आली ती 1900 च्या सुमारास. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा हा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी करत सिकंदराबादकडे गेला. मनमाडला मात्र जीआयपी रेल्वेचे रूळ साडेपाच फुटी. त्यामुळे मुंबईला निघालेल्या जालनेकराला मनमाडला उतरावंच लागे. ट्रंक-वळकटी हमालाच्या डोक्यावर, पोरं हाताला धरलेली, आणि पलीकडच्या गाडीत जागा मिळेल की नाही याची धास्ती. कापसाच्या गाठीसुद्धा तिथेच एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत चढत. ही अदलाबदल 1990 च्या दशकात ब्रॉडगेज जालन्यापर्यंत पोचेपर्यंत चालली. इथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की तिकीट पहिल्या वर्गाचं असो की तिसऱ्या, मनमाड कुणाला चुकत नव्हतं. वरच्या वर्गाचे पैसे डब्यातल्या तासांपुरते होते. प्रवासाच्या सांध्यांवर ते चालत नसत.

त्या काळच्या हिंदुस्थानी रेल्वेत पहिला, दुसरा आणि तिसरा असे वर्ग होते, आणि बऱ्याच कंपन्यांनी दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये एक 'इंटर' घातला होता. इंटर म्हणजे इंटरमीजिएट, अगदी शब्दशः मधला. त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं: कारकून, मास्तर, वकिलीची सुरुवात केलेला पदवीधर, छोटा व्यापारी. दुसरा वर्ग परवडत नाही आणि तिसऱ्यात बसवत नाही, अशी ज्याची अडचण, त्याच्यासाठी हा डबा. इंटरमध्ये काही गाद्यागिरद्या नव्हत्या. तिथे मिळत होती ती मुख्यतः तिसऱ्या वर्गापासून सुटका. तो तिसरा वर्ग कसा होता हे गांधीजींनी 1917 मध्ये लिहून ठेवलं आहे. मुंबईहून मद्रासला 13 रुपये 9 आण्यांच्या तिकिटावर केलेल्या प्रवासाचं ते वर्णन आहे: गच्च भरलेला डबा, बसूनच काढलेल्या रात्री, पाय ठेवायला नको अशी शौचकुपं. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडं अधिक होतं, आणि गांधीजींचा सवाल सरळ होता: मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश तरी सोय मिळते का? रेल्वेच्या प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटा हाच तिसरा वर्ग देत होता, हे लक्षात घेतलं की तो सवाल आणखी बोचतो.

हे हाल निव्वळ हेळसांडीतून आले असं मानायची सोय नाही. फ्रान्समधला झ्युल द्युप्युई हा पूल-रस्ते बांधणारा इंजिनिअर. 1849 मध्ये त्याने रेल्वेच्या दरांबद्दल एक कडवट निरीक्षण नोंदवलं. त्याच्या देशात तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च कंपनीला जड होता म्हणून ते नव्हतं, असं नाही, तो म्हणतो. ज्याला दुसऱ्या वर्गाचे पैसे देणं शक्य आहे त्याने तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये, म्हणून ते नव्हतं. गरीब भिजतो तो श्रीमंताला धाक बसावा म्हणून. आज इकॉनॉमीचं तिकीट काढताना जागा निवडायला वेगळे पैसे, बॅगेला वेगळे, तिकीट रद्द केलं तर हाती जवळजवळ काही नाही, आणि शेजारच्या चौकोनात प्रीमियम इकॉनॉमीला हे सगळं 'समाविष्ट', हे पाहिलं की द्युप्युईचं छप्पर आठवतं.

या वाचनाला सगळ्यात भक्कम पुरावा स्वातंत्र्यानंतरच्या रेल्वेने दिला. 1955 मध्ये जुना पहिला वर्ग बंद झाला. दुसऱ्याला पहिला म्हणू लागले आणि इंटरला दुसरा. म्हणजे मधल्याने वरची पाटी लावली. 1974 मध्ये तिसरा वर्गही कागदावरून गेला आणि त्याचे डबे दुसऱ्या वर्गाचे झाले. पाट्या बदलल्या, फळ्या त्याच राहिल्या. खरी बदलाबदल केली ती मूळ अहमदनगरचे आणि राजापूरचे खासदार असलेल्या मधु दंडवते यांनी. 1977 ते 1979 या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर त्यांनी दोन इंच फोम घातला. डिसेंबर 1977 मध्ये मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस वर्गभेदाशिवाय सुरू झाली. दोन इंच म्हणजे बोटाची दोन पेरं. पण रात्रभर पट्ट्यांच्या फळीवर कुशी बदलणाऱ्याच्या कमरेला त्या दोन पेरांचं मोल वेगळं सांगावं लागत नव्हतं. पुढे वातानुकूलित थ्री-टियर आली आणि बिनवातानुकूलित पहिला वर्ग हळूहळू गाड्यांतून नाहीसा झाला. त्याच्यासाठी वेगळे पैसे देण्याचं कारणच उरलं नव्हतं. एसटीतही असंच झालं: साध्या गाडीत दोन-दोनची आसनं आली आणि निमआरामाचा डौल उतरला. खालचा वर्ग सुधारला की मधला मरतो, किंवा वर सरकतो.

विमानांनी हाच खेळ घाईघाईने खेळून दाखवला. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं तेव्हा वर्गांचा प्रश्न नव्हता. विमानात बसणं हाच वर्ग होता. 1952 मध्ये अटलांटिकवर टुरिस्ट वर्ग आला, 1958 मध्ये इकॉनॉमी. सत्तरच्या दशकात स्वस्त तिकिटांची लाट आली आणि पूर्ण भाडं देणारा कंपनीचा माणूस सवलतीच्या सहलवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसू लागला. त्याच्या कुरकुरीतून दशकाअखेर बिझनेस क्लास जन्मला. आज कुणाला पटायचं नाही, पण तोही सुरुवातीला मधलाच वर्ग होता. मग तो वर चढत गेला, आडवं झोपता येईल असा पलंग त्यात आला, आणि पुष्कळ कंपन्यांनी वरचा फर्स्ट क्लासच काढून टाकला. मध्ये पुन्हा पोकळी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तैवानच्या एव्हा एअरने आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने ती भरली. व्हर्जिनने त्याला आधी नाव दिलं होतं 'मिड क्लास'. इंटरच, नव्या कपड्यांत. आपल्याकडे विस्तारा या विमान कंपनीने 2015 पासून हा वर्ग देशांतर्गत उड्डाणांत चालवला आणि एअर इंडियाने 2023 मध्ये लांबच्या उड्डाणांवर आणला.

यावर पहिला आक्षेप कुणी हिशोबी माणूस घेईलच: फ्रान्समधलं छप्पर स्वस्त होतं, पण विमानातली जागा खरोखर महाग असते, तिथे जादा पैसे लबाडीचे कसे? आक्षेप रास्त आहे, म्हणून मोजूनच पाहावं. एअर इंडियाच्या ए-350 विमानात इकॉनॉमीच्या एका रांगेत नऊ आसनं असतात आणि दोन रांगांत 31 इंचांचं अंतर. प्रीमियम इकॉनॉमीत रांगेत आठ आसनं, अंतर 38 इंच. गुणाकार केला तर माणशी जागा साधारण 38 टक्क्यांनी वाढते. भाडं दीडपट असेल तर जागेचा आणि बऱ्या जेवणाचा, जास्तीच्या सामानाचा मेळ बसतो. दुप्पट असेल, तर वरचे पैसे द्युप्युईच्या छपराचे. आपल्याच मार्गावर ताळा करता येतो. 30 डिसेंबर 2023 ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. ऑगस्ट 2025 पासून ती नांदेडहून सुटते. तिच्या साध्या चेअर कारच्या डब्यात 78 आसनं, एक्झिक्युटिव्हच्या तेवढ्याच लांबीच्या डब्यात 52. जागा दीडपट, भाडं जवळजवळ दुप्पट. सात तासांच्या, दिवसाच्या, वातानुकूलित प्रवासात चेअर कार मुळातच बरी असताना एक्झिक्युटिव्हचं समर्थन करणं कठीण आहे. तिथली खुर्ची गोल फिरते, हे खरं. पण फिरून बघायचं काय?

दुसरा आक्षेप जास्त मानवी आहे. सत्तरीच्या माणसाचा गुडघा चौरस इंचांत मोजत नाहीत. हे मान्यच केलं पाहिजे, आणि ते या मांडणीच्या विरोधातही जात नाही. हालांची किंमत तासांप्रमाणे सरळ रेषेत चढत नाही. मुंबईहून दुबई तीन-साडेतीन तासांचं. तेवढं माणूस 31 इंचांत निभावतो. मुंबई–न्यूयॉर्क थेट गेलं तर पंधरा-सोळा तास. पहिल्या पाच तासांत जो गुडघा फक्त कुरकुरतो, तो बाराव्या तासाला उभं राहू देत नाही. म्हणून दुबईमार्गे अमेरिकेला जाणाऱ्याने दोन्ही टप्प्यांवर प्रीमियम घेण्यात अर्थ नाही. कंपनी देत असेल तर फक्त लांबच्या टप्प्याला घ्यावं. उंच माणूस, संधिवाताचा माणूस, पायाला सूज येणारी बाई, यांनी रात्रीच्या दहा तासांवरच्या उड्डाणाला दीडपटीपर्यंत पैसे द्यावेत, बिनदिक्कत. तिशीतल्या सडपातळ माणसाने ते निव्वळ पडद्याच्या अलीकडे बसण्याच्या समाधानासाठी देऊ नयेत. इंटरच्या डब्यात ते समाधान पुष्कळांनी विकत घेतलं होतं, आणि त्याला प्रतिष्ठा म्हणायची रीत होती.

राहिला तिसरा आक्षेप: मग दंडवत्यांसारखं इकॉनॉमीच का सुधारू नये? त्याच विमानाचा स्थूल हिशोब असा. प्रीमियमची 24 आसनं इकॉनॉमीच्या 33 आसनांची जागा खातात. तो विभाग मोडला आणि ती जागा इकॉनॉमीच्या 264 आणि या 24, अशा 288 जणांत सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या गुडघ्यापुढे 31 चे 32 इंच होतात. एक इंच. दंडवत्यांनी दोन दिले होते, आणि तेही आसनांची संख्या न घटवता. फोम उभ्या दिशेने जातो, त्याला जमीन लागत नाही. विमानात प्रत्येक इंच जमिनीचाच लागतो. तेव्हा रेल्वेची कथा विमानाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे कबूल. मधला वर्ग विमानात बराच काळ टिकेल तो याच कारणाने. पण जागेची निवड, बॅग, रद्द करण्याची सवलत या गोष्टींना जमीन लागत नाही, आणि त्या इकॉनॉमीतून काढून घेण्याचा जमाखर्च वेगळा ठेवला पाहिजे.

जालन्याच्या प्रवाशाच्या हिशोबात आणखी एक रकाना आहे, तो मुंबईकराच्या हिशोबात नसतो. चिकलठाण्याचा विमानतळ जवळ असला तरी अमेरिकेची वाट मुंबई किंवा दिल्लीवरूनच जाते. गाडीने मुंबई गाठायला सात तास. उड्डाण मध्यरात्रीनंतरचं असेल तर त्यापुढे विमानतळावरचे कितीतरी तास बाकावर, सामानावर नजर ठेवत. पहाटे घर सोडलेला माणूस विमानात पाऊल ठेवतो तेव्हा त्याचे वीस-बावीस तास आधीच गेलेले असतात, आणि या तासांत प्रीमियमचं तिकीट त्याला काही देत नाही. मनमाड सरलं, पण त्याचं काम आता अंधेरीने घेतलं आहे. तेव्हा प्रीमियमसाठी वेगळी काढलेली रक्कम हाती असेल, तर तिचा एक छोटा हिस्सा आधी विमानतळाजवळच्या लॉजच्या खोलीवर लावून पाहावा: दुपारी मुंबईत उतरायचं, आंघोळ करायची, डबा खायचा, पाच-सहा तास पाठ टेकायची आणि मग निघायचं. एवढं करूनही पैसे उरले आणि पुढचं उड्डाण पंधरा तासांचं असेल, तर 38 इंच घ्यायला हरकत नाही.