माहूरगड व उनकेश्वर : हैदराबादच्या भाविकांसाठी एका दिवसाची यात्रा



हैदराबाद व सिकंदराबाद या जुळ्या शहरांतील अनेक मराठी कुटुंबांची कुलदेवता माहूरची रेणुकामाता आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या भागांतील कित्येक घरांत लग्नमुंजीनंतर माहूरला जाऊन येण्याचा कुळाचार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्या डोंगराळ मुलखातच पैनगंगेच्या काठी उनकेश्वर हे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे शिवक्षेत्र आहे. सकाळी डोंगरावरील देवदर्शन, दुपारी तेथील साधे जेवण आणि सायंकाळी ऊन पाण्याचे स्नान, अशी एका दिवसाची यात्रा कशी करावी, तिच्यामागील कथा काय आणि कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात संकलित केली आहे.

क्षेत्राचे स्थान व पूर्वपीठिका

माहूर आणि किनवट हे दोन्ही तालुके आज महाराष्ट्राच्या नांदेड जिल्ह्यात आहेत. तथापि हैदराबादकरांना हा मुलूख परका नाही. निजामी राजवटीत व पुढे १९४८ नंतरच्या हैदराबाद राज्यात किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचाच तालुका होता आणि माहूर त्यातच मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा हा भाग मुंबई राज्यात गेला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. आजोबांच्या पिढीची जी यात्रा एकाच राज्यात होत असे, ती नातवंडांच्या पिढीस दोन राज्यांत करावी लागते. राज्यांची सीमा बदलली, कुलदेवतेची वाट मात्र बदलली नाही.

माहूरचे जुने नाव मातापूर. 'ऊरु' म्हणजे गाव हा तेलुगू शब्द मराठी भाविकांनाही ठाऊक असल्याने माहूर म्हणजे आईचे गाव, अशी उकल लोकांत सांगितली जाते. तेलुगू भाषकाच्या कानाला मात्र 'मा ऊरु' म्हणजे 'आमचे गाव' असे ऐकू येते. दोन्ही अर्थ गोडच आहेत. तेलुगू भाविक रेणुकेस यल्लम्मा या नावाने पूजतात. हैदराबादेतील बल्कमपेटचे यल्लम्मा मंदिर प्रसिद्ध असून तेथील मूर्ती जमिनीच्या पातळीखाली आहे, आणि तेथील पाण्यात रोगनिवारक गुण असल्याची श्रद्धा आहे. देवी आणि तीर्थजल यांचे हे नाते आपल्या शहरातही पाहावयास मिळते.

माहूरगड : तीन शिखरे

महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूर, तुळजापूर व माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानले जाते. माहूर येथे रेणुका, दत्त व अनसूया अशी तीन शिखरे आहेत.

रेणुकामातेची कथा थोडक्यात अशी. सहस्रार्जुनाकडून जमदग्नी ऋषींचा वध झाल्यावर पुत्र परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात पित्याचा देह व दुसऱ्या पारड्यात मातेस घेऊन कोऱ्या भूमीचा शोध घेतला. माहूर येथे श्रीदत्तात्रेयांनी आचार्यत्व पत्करून अंत्यविधी करविला व रेणुकामाता सती गेली. मातेच्या विरहाने व्याकूळ झालेल्या परशुरामास, ती भूमीतून प्रकट होईल, परंतु मागे वळून पाहू नको, असे सांगण्यात आले. त्यास धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले, तोवर केवळ मुखच वर आले होते. म्हणून येथे देवीच्या मुखाचीच, म्हणजे तांदळ्याची पूजा होते. परशुरामाने बाण मारून जेथे पाणी काढले, ते मातृतीर्थ होय.

दत्तशिखराचे माहात्म्य निराळे आहे. दत्तप्रभू प्रातःस्नान काशीस करतात, भिक्षेसाठी कोल्हापुरास जातात व निद्रेसाठी माहूरला येतात, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. महानुभाव पंथीयांनाही माहूर वंदनीय असून त्यांचे देवदेवेश्वरी मंदिर येथे आहे. देवीभक्त कवी विष्णुदास (१८४४–१९१७) यांचा मठही माहूर येथेच आहे. याखेरीज डोंगरावरील जुना किल्ला व पांडवलेणी या नावाने ओळखली जाणारी कोरीव लेणी पाहण्याजोगी आहेत.

उनकेश्वर : नाव, कथा व ऊन पाण्याचे कारण

'ऊन' या मराठी शब्दाचे मूळ संस्कृत 'उष्ण' या शब्दात आहे. ऊन पाण्याच्या झऱ्यास मराठीत 'उन्हाळे' असेही म्हणतात. रायगड जिल्ह्यातील उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव व आपले उनकेश्वर ही सर्व नावे एकाच कुळातील आहेत.

उनकेश्वर येथे शरभंग ऋषींचा आश्रम होता, असे स्थानमाहात्म्य सांगते. ऋषींना कुष्ठव्याधी जडली होती. वनवासात श्रीराम तेथे आले असता त्यांनी भूमीत बाण मारला, ऊन पाणी उसळले व त्या स्नानाने ऋषी व्याधिमुक्त झाले, अशी ही कथा आहे. अशीच कथा उनपदेव येथेही सांगतात. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शरभंग ऋषी श्रीरामांच्या समक्ष अग्नीत देह अर्पण करून ब्रह्मलोकी जातात. तेथे व्याधीचा उल्लेख नाही. कथेचा तो भाग स्थानिक परंपरेचा आहे.

पाणी ऊन का होते, याचे शास्त्रीय कारणही भाविकांनी जाणून घ्यावे. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे, तसतसे दर किलोमीटरमागे साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तेथील उष्णतेने तापते व दुसऱ्या भेगेतून जलद वर येते. दख्खनचे काळे दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झाले असले, तरी त्या लाव्ह्याची उष्णता केव्हाच निवाली आहे. आजची उष्णता खोलीची आहे. वाटेत पाण्यात क्षार व गंधकयुक्त द्रव्ये विरघळतात. उनकेश्वरचे पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अंगास सोसेल असे ऊन असते.

हे पाणी ज्या पैनगंगेच्या खोऱ्यात आहे, ती नदी पुढे वर्धेस मिळते. वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते व प्राणहिता गोदावरीस मिळते. गोदावरी पुढे भद्राचलमच्या श्रीरामांचे चरण धुऊन सागराकडे जाते. भद्राचलमजवळ गुंडाला येथेही नदीकाठच्या वाळूत ऊन पाणी लागते.

यात्रेचा क्रम

हैदराबादहून एकाच दिवसात जाऊन येणे शक्य मानू नये. राष्ट्रीय महामार्ग ४४ ने कामारेड्डी, आर्मूर व निर्मलमार्गे आदिलाबाद सुमारे ३०० किलोमीटर आहे. तेथून किनवटमार्गे माहूरला जाता येते. नांदेडहून माहूर सुमारे १३० किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांस मुदखेड–आदिलाबाद मार्गावरील किनवट स्थानक सोयीचे पडते. आदल्या रात्री माहूर येथे मुक्काम करावा व दुसरा पूर्ण दिवस यात्रेस द्यावा.

१. पहाटे मुक्कामी स्नान करून सूर्योदयाच्या सुमारास रेणुकाशिखर चढावे. पायऱ्या सावकाश चढाव्यात. वृद्धांना मध्ये बसू द्यावे.

२. दर्शनानंतर दत्तशिखर व अनसूयाशिखर करावे. शिखरे एकमेकांपासून दूर असून आडवाटांवर चुकण्याचा संभव आहे. म्हणून परिचित क्षेत्रोपाध्ये किंवा जाणता स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. दक्षिणा अथवा मोबदला आधीच ठरवावा, म्हणजे उभयपक्षी समाधान राहते.

३. मातृतीर्थ करून माध्यान्ही भोजन घ्यावे व थोडी विश्रांती घेऊन उनकेश्वरकडे निघावे.

४. भोजनानंतर किमान दोन तास गेल्यावरच ऊन पाण्यात उतरावे. स्नानानंतर महादेवाचे दर्शन घेऊन अंधार पडण्यापूर्वी परतावे. रस्ता रानातून जातो.

आश्विन ते माघ हा काळ उत्तम. या भागात थंडी चांगली पडते व तेव्हाच ऊन पाण्याचे सुख कळते. वैशाखात उन्हाचा ताप असह्य असतो. पावसाळ्यात पैनगंगेस पूर आल्यास नदीकाठी जाऊ नये. शारदीय नवरात्र, दत्तजयंती व श्रावणी पौर्णिमेची माहूरगड परिक्रमा या वेळी प्रचंड गर्दी असते. वृद्धांना व लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे दिवस टाळलेले बरे.

प्रसाद व भोजन

रेणुकामातेचा विशेष प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पाने व मसाला एकत्र कुटून तो देवीस अर्पण करतात. कुटलेला असल्याने दात नसलेल्या आजीबाईंनाही तो सहज घेता येतो. कुळाचाराच्या दिवशी देवीस पुरणपोळीचा नैवेद्य दाखवितात.

रोजचे जेवण ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, मिरचीचा ठेचा, जवसाची वा कारळाची चटणी आणि अंबाडीची भाजी असे असते. हैदराबादकरांना अंबाडीची चव लगेच ओळखू येईल, कारण तीच आपल्या परिचयाची गोंगूरा. तिकडे भाकरीबरोबर खातात, इकडे लोणचे व पप्पू करतात, एवढाच भेद. या मुलखात गोंड, कोलाम, आंध व बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. गावकऱ्यांच्या हातची भाकरी मोल देऊन, आदराने खावी. हंगामात वाटेवर सीताफळे विकावयास येतात, तीही घ्यावीत.

स्नानाविषयी आवश्यक सूचना

या लेखाचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. भाविकांनी तो मनःपूर्वक वाचावा.

त्वचारोग व कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून उनकेश्वरी येणारे अनेक आहेत. ऊन पाण्याने अंग मोकळे होते, सांधे सैल होतात, मनास शांती लाभते, हे खरे. परंतु कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. तो स्नानाने जात नाही. त्यावर बहुविध औषधोपचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये त्याची शिफारस केली. ही औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात व सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास प्रथम दवाखाना गाठावा. यात्रेच्या आशेवर घालविलेल्या वर्षांत बोटे व दृष्टी गमावण्याचा धोका असतो, आणि गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

याहून एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. कुष्ठरोगात व जुन्या मधुमेहात हातापायांची संवेदना मंदावते. अशा व्यक्तीस पाणी किती ऊन आहे हे कळतच नाही व नकळत फोड येतात. ज्यांच्यासाठी हे तीर्थ प्रसिद्ध आहे, त्यांनाच ते सर्वाधिक जपून घ्यावे लागते. त्यांच्यासाठी घरातील दुसऱ्या कोणी आधी कोपर बुडवून पाणी पाहावे.

इतर सूचना :

- हृदयविकार वा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी कुंडात बसू नये. तांब्याने थोडे पाणी अंगावर घ्यावे.
- दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ बसू नये. उठताना सावकाश उठावे. कडक उपवासाच्या दिवशी भोवळ येण्याचा संभव अधिक असतो.
- डोके बुडवून बुडी मारू नये. ऊन गोड्या पाण्यात क्वचित एक प्रकारचा अमीबा असतो व तो नाकावाटे मेंदूत गेल्यास प्राणघातक ठरतो. मस्तकस्नान करावयाचे असल्यास मान मागे करून, नाकात पाणी जाणार नाही अशा बेताने तांब्याने करावे. मुलांकडे विशेष लक्ष द्यावे.
- उघडी जखम, खरूज वा नायटा असल्यास सामायिक कुंडात उतरू नये. पंचा प्रत्येकाचा वेगळा असावा.
- साबण, शांपू, निर्माल्य व जुने कपडे पाण्यात टाकू नयेत. ते पाणी अखेर पैनगंगेसच मिळते.

समारोप

शरभंग ऋषींच्या कथेतील एक गोष्ट आपण बहुधा विसरतो. पाणी उसळण्यापूर्वी श्रीराम त्या व्याधिग्रस्त ऋषींच्या दारी चालत गेले होते. समाज ज्यांच्यापासून दूर पळत असे, त्यांच्याजवळ देव स्वतः गेला. आपल्या देशात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये काढण्यात आली, इतका काळ हा दुरावा कायद्यातही टिकून होता. उनकेश्वरी कुंडाच्या काठी असा कोणी बंधू वा भगिनी भेटल्यास तोंड फिरवू नये. दोन शब्द बोलावेत, भाकरी वाटून घ्यावी व औषधोपचाराची माहिती द्यावी. तीर्थस्नानाचे पुण्य त्यातही आहे.

सर्व भाविकांची यात्रा सुखरूप व सफल होवो, ही रेणुकामाता व उनकेश्वर महादेवाचे चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥