ओरिजनल सीडी आहे, तरी गेम का चालत नाही? सीडीमधलं 'कुलूप' समजून घ्या

घरातल्या एखाद्या कपाटात सीडींचं जुनं पाऊच अजून असेल. त्यात एखादा ओरिजनल गेम, एखादा शब्दकोश, मुलांना गणित शिकवणारं एखादं सॉफ्टवेअर. रीतसर पैसे मोजून घेतलेलं, खोक्यासकट जपलेलं. ती सीडी आज विंडोज १० किंवा ११ असलेल्या कॉम्प्युटरला लावली आणि गेम सुरूच झाला नाही, तर पहिली शंका येते ती सीडी खराब झाल्याची. पण अनेकदा सीडी ठणठणीत असते. अडवतं ते तिच्यात बसवलेलं कुलूप.

गंमत म्हणजे त्याच गेमची चोरटी कॉपी त्याच कॉम्प्युटरवर बिनबोभाट चालू शकते. म्हणजे पैसे देणारा बाहेर आणि फुकट्या आत! हे असं का होतं, सीडीची साधी बॅकअप कॉपी का काढता येत नाही आणि कायदा याबद्दल काय म्हणतो, तेच पाहूया.

साधी सीडी कॉपी कशी होते?

सीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या एकाच लांबलचक सर्पिल रेषेत असते. या रेषेवर सूक्ष्म खळगे असतात आणि ड्राइव्हचा लेझर ते वाचत जातो. रेषेचे छोटे छोटे तुकडे पाडलेले असतात, त्यांना म्हणतात सेक्टर. ६५० एमबीच्या सीडीवर असे जवळपास ३ लाख ३३ हजार सेक्टर मावतात.

प्रत्येक सेक्टर २,३५२ बाइटचा. पण त्यातले २,०४८ बाइटच तुमच्या फाइलचे असतात. उरलेल्या ३०४ बाइटमध्ये सेक्टर सुरू झाल्याची खूण, त्याचा पत्ता आणि मुख्य म्हणजे चूक पकडून ती दुरुस्त करण्याचा हिशेब असतो. बारीकसारीक ओरखडे पडूनही सीडी वाचता येते, त्यात या हिशेबाचा मोठा वाटा आहे.

आपण नेहमीच्या पद्धतीने कॉपी करतो तेव्हा कॉम्प्युटर फक्त ते २,०४८ बाइट उचलतो. नव्या सीडीवर लिहिताना रायटर बाकीचे ३०४ बाइट स्वतः नव्याने मोजून भरतो. फोटो, गाणी, कागदपत्रं यांच्यासाठी एवढं पुरतं. मेख इथेच आहे. कॉपी करताना जे उचललं जात नाही, नेमक्या त्याच जागी कंपन्यांनी आपली खूण लपवली.

कुलूप नेमकं कुठे असतं?

पहिला प्रकार: मुद्दाम बिघडवलेले सेक्टर. मॅक्रोव्हिजन कंपनीचं 'सेफडिस्क' हे १९९८ मध्ये आलेलं संरक्षण याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये सीडीवरचे हजारो सेक्टर मुद्दाम चुकीच्या हिशेबाने छापलेले असत. गेम सुरू करताना एक छोटा प्रोग्रॅम राखणदारासारखा पुढे येई आणि ते सेक्टर वाचून बघे. वाचताना चूक आली तर सीडी ओरिजनल! घरी काढलेल्या कॉपीत मात्र रायटरने तो हिशेब नव्याने, म्हणजे बरोबर मांडलेला असे. चूक गायब झाली की राखणदार ओळखायचा, ही कॉपी आहे.

दुसरा प्रकार: कमकुवत सेक्टर. पुढे कॉपी करणारी सॉफ्टवेअर हुशार झाली आणि बिघडलेले सेक्टर जसेच्या तसे उचलू लागली. मग सेफडिस्कच्या दुसऱ्या आवृत्तीने वेगळीच युक्ती काढली. सीडीवर लिहिताना प्रत्येक ८ बिटचं १४ बिटमध्ये रूपांतर होतं आणि मध्ये ३ जोडबिट घातले जातात. खळगे आणि सपाट भाग यांचं प्रमाण राखणं हे त्यामागचं एक कारण. हे प्रमाण फार बिघडलं तर लेझरला रेषा नीट वाचता येत नाही. सेफडिस्कने काही सेक्टरमध्ये अशी माहिती भरली, की लिहिताना हे प्रमाण बिघडण्याचा धोका राहील. कारखान्यातली यंत्रं जोडबिट विचारपूर्वक निवडून हे सांभाळू शकत. त्या काळातल्या घरगुती रायटरपैकी अनेकांना मात्र ते जमत नसे. परिणाम असा, की ओरिजनल सीडीवर व्यवस्थित वाचता येणारा सेक्टर कॉपीवर वाचताच येत नसे.

तिसरा प्रकार: अंतराचं मोजमाप. 'सिक्युरॉम' आणि रशियातून आलेलं 'स्टारफोर्स' यांनी हा मार्ग वापरला. एका सेक्टरपासून दुसऱ्या सेक्टरपर्यंत पोहोचायला डिस्कला किती फिरावं लागतं, हे वेळेवरून मोजता येतं. एकाच साच्यातून छापलेल्या सगळ्या डिस्कवर हे अंतर सारखं असतं. कोऱ्या सीडीवरची रेषा मात्र वेगळ्या साच्यातली, त्यामुळे तिथलं अंतर वेगळं. इथे सगळी माहिती बिट न् बिट बरोबर उतरली तरी कॉपी पकडली जाते. कारण खूण माहितीत नसून डिस्कच्या घडणीत आहे.

नुसती तपासणी असती तर ती काढून टाकणं सोपं होतं. म्हणून गेमची मुख्य फाइलही सांकेतिक रूपात बंद केलेली असे. डिस्कवरची खूण पटल्यावरच ती उघडायची.

मग बॅकअपचं काय?

सीडी ही काही अमर वस्तू नाही. छापील लेबलची बाजू सुरक्षित आणि चकचकीत बाजू नाजूक, असं आपण समजतो. सीडीच्या बाबतीत खरं जवळपास उलट आहे. माहितीचा चकाकणारा थर लेबलच्या अगदी खाली असतो आणि त्यावर फक्त लाखेसारखं पातळ आवरण असतं. लेबलच्या बाजूने खोल ओरखडा गेला तर ती माहिती कायमची गेली. खालच्या प्लॅस्टिकवरचा ओरखडा निदान घासून कमी करता येतो. डीव्हीडीत हा थर दोन प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती या बाबतीत जरा बरी.

म्हणजे शहाण्या माणसाने कॉपी काढून ओरिजनल जपून ठेवायला हवी. पण कुलूपवाल्या सीडीचा नियम उलटा होता: गेम हार्ड डिस्कवर पूर्ण इन्स्टॉल केलेला असला, तरी सुरू करताना ओरिजनल सीडी ड्राइव्हमध्ये हवीच. जी वस्तू सगळ्यात जपायची, तीच सगळ्यात जास्त झिजवायची.

कुलपाला मालक आणि चोर यांतला फरक कळत नाही, ही यातली मूळ अडचण. त्याला फक्त डिस्क ओळखता येते. चोरट्या आवृत्त्या काढणारे डिस्कच्या नादी लागतच नसत. ते राखणदार प्रोग्रॅमच कापून काढत आणि उघडी फाइल वाटत. एकाने हे काम केलं की बाकीच्यांना फक्त ती फाइल कॉपी करायची. घरच्या घरी एक बॅकअप काढू पाहणारा साधा ग्राहक मात्र प्रत्येक वेळी अडायचा.

सप्टेंबर २०१५: ओरिजनल सीडी अचानक बंद

सेफडिस्कचा राखणदार डिस्क बारकाईने तपासता यावी म्हणून विंडोजच्या अगदी गाभ्यात चालणारा एक ड्रायव्हर वापरत असे. त्याचं नाव 'सेकडीआरव्ही'. विंडोज एक्सपीसोबत तो आधीपासूनच येत असे. म्हणजे तुम्ही आयुष्यात एकही गेम विकत घेतला नसला, तरी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तो होता.

२००७ मध्ये या ड्रायव्हरमध्ये मोठी फट असल्याचं उघड झालं. मर्यादित अधिकार असलेला वापरकर्ता किंवा एखादा घातक प्रोग्रॅम या फटीतून संपूर्ण कॉम्प्युटरचा ताबा घेऊ शकत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. पण असा ड्रायव्हर कायम बाळगणं हीच जोखीम होती. जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं, त्यात हा ड्रायव्हर ठेवलाच नाही. सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने तो विंडोज व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ मध्येही बंद करून टाकला.

सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्याचा फटका बसला ओरिजनल सीडीवाल्यांना. 'एज ऑफ एम्पायर्स २', 'द सिम्स', 'व्हाइस सिटी' अशा गेमच्या मूळ सीडींवर सेफडिस्क होतं. ड्रायव्हर नाही म्हणजे तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणजे गेम नाही. आपल्याकडे अनेकांनी सायबर कॅफेत किंवा मित्राच्या सीडीवरून जी व्हाइस सिटी खेळली, तिच्यातून राखणदार आधीच काढलेला असायचा. त्यामुळे तिच्यावर या बदलाचा परिणाम व्हायचं कारणच नव्हतं.

गाभ्यात शिरणाऱ्या संरक्षणाने घोळ घातल्याचं हे एकमेव उदाहरण नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही गाण्यांच्या सीडींनी कॉम्प्युटरमध्ये स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर टाकल्याचं संगणकतज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी उघड केलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या.

पुढे कंपन्या ऑनलाइन ॲक्टिव्हेशनकडे वळल्या. २००८ मध्ये 'स्पोअर' हा गेम फक्त ३ वेळा ॲक्टिव्हेट करता येत होता. ग्राहकांनी ॲमेझॉनवर एका ताऱ्याच्या रिव्ह्यूंचा पाऊस पाडला आणि कंपनीने ही मर्यादा ५ वर नेली. इथे तर डिस्कचा बॅकअप काढूनही उपयोग नव्हता. कारण चावी आता कंपनीच्या सर्व्हरवर होती.

कायदा काय म्हणतो?

आधी भारताचं पाहू. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला बॅकअप प्रत काढता येते. अट अशी, की ती निव्वळ हरवणं, नष्ट होणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून असावी आणि प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला आहे त्याच कामासाठी वापरावी. मित्राला देणं यात बसत नाही. ही तरतूद प्रोग्रॅमपुरती आहे. सिनेमाच्या डीव्हीडीला ती लागू होत नाही.

मग कुलूप तोडलं तर? २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ६५ए आलं. कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती या कलमात येत नाही. मात्र दुसऱ्याला संरक्षण तोडायला मदत करणाऱ्याने त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे.

अमेरिकेतही १९८० पासून प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढायला मुभा आहे. १९८८ मध्ये तिथल्या एका अपील कोर्टाने फ्लॉपीचं संरक्षण भेदणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या क्वेड कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्या सॉफ्टवेअरचा बॅकअपसाठी रास्त उपयोग होता. पण १९९८ च्या नव्या कायद्याने अशी साधनं विकण्यावरच बंदी आणली. थोडक्यात, प्रत काढायचा हक्क कागदावर राहिला आणि तो वापरायचं साधन बेकायदा ठरलं.

युरोपात कंपनीला करार करून ग्राहकाचा बॅकअपचा हक्क काढून घेता येत नाही. पण त्यालाही सीमा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने लॅटव्हियातल्या एका प्रकरणात सांगितलं, की मूळ डिस्क पुढे विकता येते, मात्र ती खराब झाली म्हणून तिची बॅकअप प्रत हक्कधारकाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.

तुमच्याकडच्या सीडींचं आज काय कराल?

• आधी कुलूप आहे का ते बघा. शब्दकोश, क्लिपआर्ट, ड्रायव्हर, स्वतः राइट केलेले फोटो अशा अनेक सीडींवर संरक्षण नसतं. त्यांची 'आयएसओ' इमेज काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. घरी राइट केलेल्या सीडी आधी घ्या, कारण त्यातला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो.

• सीरियल नंबरचा फोटो काढा. तो बहुतेक वेळा खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेवर असतो. खोकं गेलं की चांगली सीडीही निरुपयोगी.

• साधी इमेज चालली नाही तर तिच्यात फक्त २,०४८ बाइटवालं रूप उतरलंय असं समजा. सीडी खराब असेलच असं नाही.

• कंपनीचा शेवटचा पॅच शोधा. काही कंपन्यांनी स्वतःच नंतर डिस्कची तपासणी काढून टाकली आहे.

• गेम पुन्हा विकत घेता येतो का ते बघा. २००८ पासून सुरू असलेल्या 'जीओजी' या साइटवर अनेक जुने गेम कुलपाशिवाय मिळतात. त्यांची इन्स्टॉलर फाइल आपल्याकडे ठेवता येते.

• मूळ सीडीच चालवायची असेल तर एक्सपी असलेला जुना कॉम्प्युटर इंटरनेटला न जोडता वापरा. रोजच्या, बँकेचे व्यवहार होणाऱ्या कॉम्प्युटरवर जुना ड्रायव्हर पुन्हा सुरू करू नका.

• अनोळखी साइटवरच्या 'क्रॅक' फाइलपासून लांब राहा. त्यात गेमसोबत व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो.

डिस्क गेल्या, पण प्रश्न संपलेला नाही. आज आपण जे ॲप, गेम किंवा ई-बुक 'विकत' घेतो, त्यातल्या अनेकांची चावी कंपनीच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे पैसे देण्याआधी एवढं जरूर बघा: ही कंपनी उद्या बंद पडली तर मी घेतलेली वस्तू चालेल का? आणि तिची एक प्रत मला माझ्याकडे ठेवता येईल का?